आंधळमाथ्याचं गाऱ्हाणं

लालबाग, ५ नोव्हेंबर २०२४

हितू,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर केलंस, ईमेलचं काय केलंस देव जाणे. पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर त्याआधी एवढं वाच: आंधळमाथ्याच्या पायथ्याशी यंदा गाऱ्हाण्यात तुझं नाव घेतलं गेलं. तू बरा आहेस ना, तेवढंच कळव.

बाकीचं भांडण आहे तिथे राहू दे. अण्णा माथ्यावरून उतरले, आठवड्याच्या आत गेले, आणि तू विमानातून उतरून चाळीच्या भर गॅलरीत आई आणि माझ्यावर ओरडलास की तुम्ही दोघींनीच त्यांना मारलं. त्या वयात बापाला डोंगर चढायला कुणी पाठवतं का, म्हणालास. जसं काही अण्णा कुणाच्या पाठवण्याने जाणारे होते! पाच वर्षं झाली त्याला. मी तुला माफ केलेलं नाही आणि तूही मला केलेलं नसणार. ते आपण म्हातारपणी निवांत बसून भांडू.

यंदा दसरा झाल्यावर मंडळ माथ्यावर निघालं. अण्णा गेल्यापासून जायला कुणाला धीरच होत नव्हता. गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या माणसांनी काढलेलं मंडळ, त्यातले आता कोंडीरामकाका तेवढे उरलेत, बाकी सगळी निलेशच्या वयाची पोरं. निलेश म्हणजे आपल्या समोरच्या खोलीतल्या सीमाचा मुलगा. तू गेलास तेव्हा गॅलरीत तीनचाकी सायकल चालवायचा, आता बँकेत आहे आणि दाढी ठेवतो.

वाडीतल्या शेवटच्या घराच्या पुढे, वडाखाली, नेहमीसारखे सगळे टोप्या काढून उभे राहिलो. अण्णा नाहीत, तेव्हा गाऱ्हाणं कोंडीरामकाकांनी घातलं. इतकी वर्षं अण्णांच्या बाजूला उभं राहून ऐकलेलं, त्यांना ते पाठच होतं. "बा देवा महाराजा, तू हय सगळ्यांचो राखणदार. आज ही तुझी लेकरां तुझ्या माथ्यार येतत. जितकी वर नेशीत तितकी खाली हाड, एकाकय थय ठेवू नुको रे महाराजा!" आम्ही "व्हय महाराजा" म्हटलं. मग नावं. आणि काका अण्णांच्याच चालीत, अण्णांच्याच क्रमाने सुरू झाले: "हितेंद्र, कालिंदी..."

मी काकांना थांबवणार होते. पण गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं हे तुलाही माहीत आहे. प्रत्येक नावामागे "व्हय" म्हणायची सवय, त्यामुळे तुझ्या नावालाही सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं.

नंतर काकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. "काय गो कालू, मी हितूचा नाव घेतलंय?" मी म्हटलं, घेतलंत काका, त्यात काय एवढं, पोरगा तिकडे परदेशात सुखरूप राहील.

म्हणून विचारते. एका ओळीचं उत्तर पाठव. आई बरी आहे, गुडघे सोडून.

कालूताय


लालबाग, २८ नोव्हेंबर २०२४

हितू,

तुझं उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी, पण मी ओतायचं सोडत नाही.

मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. उगाच घाबरवायचं नव्हतं. आता रंजिताने तुझं सगळं कळवल्यावर लपवण्यात अर्थ नाही. तिच्यावर चिडू नकोस. बायकोने नणंदेला फोन केला म्हणजे गुन्हा नव्हे.

त्या दिवशी घळ चढून खिंडीत येईस्तोवर सगळं ठीक होतं. गवत कमरेएवढं, सोनकी अजून फुललेली, पोरं फोटो काढत होती. खिंडीच्या वर कातळटप्पा लागला आणि पश्चिमेकडून धुकं आलं. तुला तो टप्पा आठवत असेल, खडकात खोदलेल्या पावट्या, एका वेळी एकच माणूस. पूर्वी सगळ्यात मागे तू असायचास, शेवटचा गडी. यंदा ते काम निलेशकडे होतं. आम्ही टप्पा चढून वर बसलो तरी तो येईना. हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आला तो पांढरा पडलेला.

"ताई, आईशप्पथ, माझ्या मागे कोणतरी आहे यार. मी थांबलो, तुम्ही पुढे व्हा बोललो, तर तो पण थांबला. खोकतोय पण."

कोण खोकतोय म्हणून पोरांनी त्याची टर उडवली. धारेवरून माथ्याकडे जाताना मात्र सगळे एकमेकांना चिकटून चालत होते. माथ्यावर नेहमीसारखं काहीच नव्हतं. देऊळ नाही, झेंडा नाही, दगडांची रास आणि वारा. गावातून हा माथा दिसत नाही आणि माथ्यावरून गाव दिसत नाही, म्हणून त्याला आंधळा म्हणतात, हे अण्णा दर वर्षी नव्याने सांगायचे. या वेळी कुणीच सांगितलं नाही.

उतरताना मी खिंडीत पोचले होते तेव्हा वरून हाक आली. "कालूताय, थांब गो."

मला कालूताय म्हणणारा जगात एकच माणूस आहे. मी थांबले नाही, ओ दिली नाही. डोंगरात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे आईने दुधाबरोबर पाजलंय. पण खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकून डोळे भरून आले ते आलेच.

आता रंजिता म्हणते की महिन्याभरापासून तू वाट चुकतोस. घराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलास आणि संध्याकाळी पोलिसांनी आणून सोडलं. सरळ रस्ता, एका बाजूला कालवा, चुकायला जागाच नाही, म्हणाली. त्या सपाट हॉलंडमध्ये, समुद्राच्याही खाली जाऊन राहिलास आणि तिथे तुला चकवा लागतो? डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. तुझे बूट तिने घासले तर लाल माती निघाली. तिकडे लाल माती कुठली रे?

हे वाचून हसशील तर हस. पण फोन कर.

कालूताय


लालबाग, १९ डिसेंबर २०२४

हितू,

रंजिता सांगते, माझी दोन्ही पत्रं तू वाचलीस आणि म्हणालास, "तिला आता वेड लागलंय." ठीक आहे. दादरच्या वधू-वर मंडळात मी दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं जुळवते, संध्याकाळी आईच्या गुडघ्यांना तेल लावते. वेड लागायला मला सवड कुठली?

कोंडीरामकाकांकडे गेले होते, परळला, सुनेकडे असतात. दारातच म्हणाले, "माका म्हायत होता तू येतलंस." त्यांच्याही झोपेचं खोबरं झालंय. मी रंजिताचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

त्यांचं म्हणणं असं. राखणदाराला माणसं ओळखू येत नाहीत, नावं येतात. जेवढी नावं सांगितली तेवढी त्याने वर नेली. तू रॉटरडॅमला होतास की आणखी कुठे, त्याला त्याचं काय? "नाव घेतलंय म्हणजे तो चडलो. आता तो उतराक होयो." आपण सगळे खाली आलो, देवाला नारळ दिला, आणि एक नाव वर राहिलं. ते वाट शोधत फिरतंय. ते इथे चुकतं तेव्हा तू तिथे चुकतोस.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"खिंडीत जावन हाक मारूची. घरच्याच माणसान. पण त्येने स्वतःच्या तोंडान ओ देऊक होयी. नायतर वरचो वर रवतलो आणि परदेशातलो..." मी काय ते समजले.

सून आतून म्हणाली, बाबा, कशाला त्यांना घाबरवताय. सून तरी काय म्हणणार बिचारी.

घरी येऊन आईला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण या खोलीत ओठातलं पोटात ठेवायला जागा कुठे आहे? निलेशनेच तिला केव्हातरी सांगितलं होतं. मी जेवायला बसले तर तिने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. "माझो झिल वर रवलो, आणि तुमी थयसून जेवान इलात?" दोन महिने झाले त्याला, म्हटलं आई. ती म्हणाली, "त्येका थंडी वाजत असतली." आणि तुझं ते जुनं तपकिरी स्वेटर पेटीतून काढून खिडकीत उन्हात टाकलं.

हितू, तुला भुताखेतांवर विश्वास नाही, मान्य. मलाही पुरता कुठे आहे? पण हाक मारली तर ओ द्यायला काय लागतं?

कालूताय


लालबाग, ६ जानेवारी २०२५

हितू,

आता हात जोडून लिहिते. टोमणे नाहीत.

परवा तू गाडी घेऊन ऑफिसला निघालास आणि दुसऱ्या गावच्या शेतात सापडलास. गाडीचं दार उघडं, इंजिन चालू, तू चिखलात उभा. रंजिताने विचारलं तर म्हणालास, खाली जायची वाट सापडत नाही. तुझ्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. रंजिताने फोटो पाठवला. ते कारवीचे ओरखडे आहेत. आंधळमाथ्याच्या घळीत लहानपणापासून माझ्याही हातांवर तेच आलेत, मी ओळखते. पुढच्या वेळी शेताऐवजी कालवा असला तर?

मी ठरवलंय. शनिवार १८ जानेवारी, दुपारी बाराला मी खिंडीत असेन. निलेश बरोबर आहे, कोंडीरामकाका वडापर्यंत येतो म्हणतात. खिंडीत फोनला रेंज मिळते, निलेशने पाहून ठेवलंय. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असेल. निलेश रंजिताला फोन लावेल, ती तुझ्यासमोर धरेल. मी वरच्या बाजूला तोंड करून तुला हाक मारेन. तू फक्त ओ दे. एवढंच.

मला माफ कर असं म्हणत नाही. माझ्याशी बोल असंही म्हणत नाही. ओ दे आणि मग पुन्हा पाच वर्षं तोंड फिरवून बस, मी चकार शब्द काढणार नाही. आईची शपथ घालत नाही, कारण तुझा शपथांवर राग आहे. पण तिचं वय बघ. तिला एकच मुलगा आहे.

तुला जे काही वाटतं माझ्याबद्दल, ते त्या एका क्षणापुरतं बाजूला ठेव रे.

कालूताय


लालबाग, २० जानेवारी २०२५

हितू,

तू ओ दिली नाहीस. ते मी फोनवर ऐकलंच.

तुला कळायला हवं म्हणून पुढचं लिहिते. हवा स्वच्छ होती, गवत वाळून पिवळं पडलेलं, वरचा कातळटप्पा पावटी न् पावटी दिसावा इतका उघडा. वर कुणी नव्हतं. निलेशने फोन लावला, स्पीकर चालू केला. रंजिताचा आवाज आला, "ताई, तो बसलाय इथे." मी हाक मारली. "हितूऽ, चल रे खाली."

फोनमध्ये तुझा श्वास ऐकू येत होता. रंजिता कुजबुजत होती, "दे ना, दे ना रे, काय जातंय तुझं." मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारताना माझा आवाज फाटला. तू तोंड मिटून बसलास. रंजिताने नंतर सांगितलं, ओठ इतके आवळलेस की पांढरे झाले. एवढा राग, हितू? ज्या रागाचं कारणसुद्धा आता जिवंत नाही, तो एवढा जपून ठेवावा?

मी खाली बसले. निलेश म्हणाला, चला ताई, झालं.

आणि तेव्हा वरून ओ आली.

मोठ्याने, मोकळ्या गळ्याने. "ओऽऽ, इलंय गो!" तू शाळेतून आल्यावर जिन्यातूनच द्यायचास तशी. निलेशने ऐकली. फोनवर रंजिताने ऐकली आणि ती किंचाळली, कारण तू तिच्या समोर तोंड मिटून बसलेला होतास.

मग कातळटप्प्यावरून खडे घरंगळत आले. कुणीतरी उतरत होतं, भराभर, पावट्या पायाखालच्या असल्यासारखं. दिसत काहीच नव्हतं. कोंडीरामकाकांनी बजावलं होतं की ओ आली की पाठ फिरवायची, आणि ओढा ओलांडेपर्यंत मागे पाहायचं नाही. मी पाठ फिरवली. निलेश रडत होता, मी त्याचा हात धरून ओढत नेला. घळभर आमच्या मागे पावलं होती. मध्येच एकदा खोकला. ओढ्यात आमच्या मागोमाग पाणी उडाल्याचा आवाज आला, मग मागे पाहिलं. पलीकडच्या काठावर माणूसभर जागेत गवत आडवं झालं होतं.

वडाखाली काकांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या मागे पाहिलं, आणि देवाला नारळ फोडला. "जितकी वर गेली तितकी खाली इली महाराजा," म्हणाले. मुंबईला येताना त्यांनी गाडीत मागची एक जागा मोकळी ठेवायला लावली. त्या जागेवरची काच आतून धुरकट होत होती.

दुसऱ्या दिवशी लालबागला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आई दारात उभी. गुडघ्यांमुळे ती हल्ली दारापर्यंतही येत नाही. तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "इलंस रे?" म्हणाली. आणि दारातून बाजूला सरकली, मला वाट देण्यापुरती, मग आणखी एकाला.

तू कसा आहेस? रंजिता फोन उचलत नाही.

कालूताय


लालबाग, ११ फेब्रुवारी २०२५

हितू,

रंजिताचा फोन आला. तू एकदम बरा झालास. वाट चुकत नाहीस, रात्रभर शांत झोपतोस, हातांवरचे ओरखडे गेले. ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. आता तरी ही पत्रं थांबवावीत असं मनात होतं. पण मग सांगू कुणाला? निलेश आमच्या खोलीपुढून जातच नाही, मागच्या जिन्याने खाली उतरतो.

तो इथे आहे.

पहिले काही दिवस नुसती चाहूल होती. पोटमाळ्यावर कूस बदलल्याचा आवाज, वाळलेल्या गवताचा वास, सकाळी गॅलरीत लाल मातीच्या पावलांचे ठसे. सीमाने मला विचारलं, काय गं, गावाहून कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही, प्लंबर येऊन गेला. रोज प्लंबर येतो म्हणजे तिला आमच्या मोरीची काळजी वाटू लागली.

आता तो दिसतो. दुपारी, बहुतेक. उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेला असतो. अंगात तपकिरी स्वेटर. केस काळेभोर आहेत, हितू. तू हॉलंडला गेलास तेव्हाचे. तुझे तर फोटोत मागे टक्कल दिसतं. तोंड मी पाहिलेलं नाही. एकदा समोरून जायला निघाले तर आईने हात धरला. म्हणाली, "रवांदे. लाजता तो."

आई वाढते, तो जेवतो. मी ताट घासते तेव्हा ते खरंच रिकामं असतं. आईचे गुडघे दुखायचे थांबलेत. ती त्याच्याशी बोलत बसते, गावच्या गोष्टी, अण्णांच्या, आणि तो मधून मधून "व्हय" म्हणतो. आधी मला ते ऐकून घाम फुटायचा. मग एके दिवशी मी दादरहून दमून आले आणि सवयीने हाक मारली गेली, "हितू, पाणी दे रे." वाटलं, जीभ हासडावी. पण आतून लगेच आवाज आला, "ओ, हाडतंय." आणि ओट्यावर तांब्या भरलेला.

तुला मी पाच पत्रं, एक डोंगर आणि तीन हाका दिल्या. तू हं की चूं केलं नाहीस. याने मला पहिल्या हाकेला पाणी दिलं.

परवा त्याला चपला घेऊन आले. तुझ्याच मापाच्या. हे मी कोंडीरामकाकांनाही सांगितलेलं नाही.

कालूताय


लालबाग, ३ मार्च २०२५

हितू,

तुझी ईमेल आली. एवढ्या वर्षांनी. मी ती दहा वेळा वाचली असेन.

तू लिहितोस, मनातला राग कसा कोण जाणे पण पार नाहीसा झालाय, शोधूनही सापडत नाही. आईला भेटायचंय, महिनाअखेरीचं तिकीट काढलंय. हे वाक्य वाचण्यासाठी मी पाच वर्षं थांबले होते. वाचून ऑफिसातच रडले, एका मुलीची आई पत्रिका घेऊन समोर बसली होती, तिला वाटलं स्थळ बिघडलं.

पण पुढे तू लिहिलंस, "प्रिय कालिंदीताई". तू मला कालिंदीताई कधी म्हणालास? लिहिलंस, बाबांची फार आठवण येते. आपण त्यांना बाबा म्हणत नव्हतो रे. लिहिलंस, टॅक्सीवाल्याला पत्ता काय सांगू, आपण कितव्या मजल्यावर राहतो? डोंगराचं विचारलंस, मी असं कधी काही चढलो होतो का, रंजिता काहीतरी म्हणत होती.

मी ईमेल घेऊन तडक परळला गेले. कोंडीरामकाकांनी दोनदा वाचून घेतली. म्हणाले, तेव्हा तू ओ दिली असतीस तर ते सगळं तुझ्यात परत आलं असतं. तू दिली नाहीस. मग ज्याने दिली त्याच्याबरोबर ते खाली उतरलं, आणि आम्ही त्याला घरी आणलं. तुझं इथलं जेवढं म्हणून होतं, कालूताय, अण्णा, जिना, गाव, रागसुद्धा, ते सगळं आता आमच्या उंबऱ्यावर बसलंय. तुझ्याकडे काय उरलं, ते तुझ्या पत्रात दिसतंच आहे.

"आता तो येतो म्हणतोय," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. "नाव एकाचाच घेतलंय गो. एकच खाली इलो. दुसरो दारात उबो रवलो तर एकाक परत वर जावचा लागतला."

घरी आले. तो उंबऱ्यावर होता, मी त्याला ओलांडून आत गेले. हल्ली भीती वाटत नाही. आई तांदूळ निवडत होती. मी तिला म्हटलं, आई, हितू येतोय, हॉलंडहून, तिकीट काढलंय त्याने.

तिने मानसुद्धा वर केली नाही. "खयसून येतलो? तो हयच बसलो हा."

मी पुन्हा सांगितलं नाही. उंबऱ्यावर त्याने मान थोडीशी वळवली होती, ऐकत असल्यासारखी. गालाची कड दिसली. तुझीच होती.

तेव्हा हे पत्र. तू खरा आहेस, मला माहीत आहे. माझ्या पाठचा भाऊ तू आहेस, डोळ्यांत प्राण आणून मी वाट पाहिली ती तुझी. म्हणूनच सांगते, तिकीट रद्द कर. रंजिताबरोबर तिथे सुखाने राहा, त्या सपाट गावात आता वाट चुकणार नाहीस. मला पाहिजे तेवढं लिही, मी उत्तर देईन. कालिंदीताई म्हटलंस तरी चालेल.

पण इथे येऊ नकोस. दारात तुम्ही दोघं उभे राहिलात तर आई एकाचाच हात धरेल, आणि तो तुझा नसेल. माझंही मला सांगता येत नाही.

कालूताय